सिरिंज पंपात दट्ट्या कसा धरला जातो, कसा सरकतो आणि सिरिंज बसवताना काय तपासायचं

सिरिंज पंप, म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरलेल्या संथ वेगाने रुग्णाला देणारं यंत्र, दट्ट्याला ढकलतो, तसाच त्याला धरूनही ठेवतो. रुग्णाच्या दृष्टीने हे धरून ठेवणं जास्त महत्त्वाचं आहे. ढकलणं अडलं की आज ना उद्या अलार्म होतो, कुणीतरी धावत येतं. पण धरणं सुटलं आणि ते पंपाच्या लक्षात आलं नाही, तर औषध आपल्याच वजनाने रुग्णाच्या शिरेत उतरू शकतं, आणि पडद्यावर मात्र ताशी २ एमएल हाच आकडा दिसत राहतो. नॉरॲड्रिनलिन (रक्तदाब टिकवणारं औषध), इन्सुलिन, मॉर्फिन, पोटॅशियम या औषधांच्या बाबतीत एवढी चूक जीव घ्यायला पुरते.

हा लेख सिरिंज पंप हाताळणाऱ्या नर्सिंग स्टाफसाठी, भूलतज्ज्ञांच्या हाताखाली शिकणाऱ्यांसाठी आणि पंपांची देखभाल करणाऱ्या बायोमेडिकल मंडळींसाठी आहे. तुमच्या पंपाचं मॅन्युअल आणि तुमच्या विभागाचे नियम यांचाच शब्द शेवटचा. पण त्यातली प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे कळलं, तर घाईच्या वेळी ती गाळावीशी वाटत नाही.

आत काय फिरतं

बहुतेक सिरिंज पंपांचा गाभा एकसारखाच असतो. एक छोटी स्टेपर मोटर, तिच्यापुढे वेग कमी करणारे गिअर, त्यांना जोडलेला लांब आट्यांचा स्क्रू, त्या स्क्रूवर बसलेला नट आणि नटाबरोबर सरकणारा गाडा. गाड्यातून एक दांडी बाहेर येते आणि तिच्या टोकाला ढकलणारं डोकं असतं. तेच दट्ट्याच्या मागच्या चकतीला टेकतं.

स्टेपर मोटर एका फेरीत साधारण २०० पावलं टाकते, म्हणजे एका पावलाला १.८ अंश. समजा स्क्रूच्या एका फेरीला गाडा १ मिमी सरकतो. गिअर नसतील तर एका पावलाला दट्ट्या ५ मायक्रॉन पुढे जाईल. ५० एमएलच्या सिरिंजमधून तेवढ्यात सुमारे २.८ मायक्रोलिटर औषध बाहेर पडेल. ताशी १ एमएल द्यायचं असेल तर दर दहा सेकंदांनी एक धक्का. एवढे सुटे धक्के चालत नाहीत, म्हणून गिअर लागतात. ५० पट गिअर लावला की मोटर सेकंदाला सुमारे ५ पावलं टाकते आणि औषध जवळजवळ सलग जातं. प्रत्येक मॉडेलमध्ये हे आकडे वेगळे असतात, हिशोबाची रीत मात्र हीच.

आता स्क्रूकडे जरा निरखून पाहा. त्याच्या आट्यांचा उतार इतका कमी ठेवतात, की स्क्रू फिरवला तर नट सरकतो, पण नट कितीही दाबला तरी स्क्रू फिरत नाही. सुताराच्या बाकावरचा शिकंजा असाच असतो: दांडा फिरवून जबडा आवळता येतो, जबडा रेटून दांडा फिरवता येत नाही. याचा फायदा दुहेरी आहे. लाइनमध्ये (सिरिंजपासून रुग्णाच्या शिरेपर्यंत जाणाऱ्या नळीत) दाब वाढला तरी दट्ट्या गाड्याला मागे लोटू शकत नाही, आणि वीज किंवा बॅटरी गेली तरी गाडा होता तिथेच राहतो.

सिरिंज बदलताना गाडा हाताने मागे ओढता यायला हवा, म्हणून नट बहुधा अर्धा असतो. कळ दाबली की तो आट्यांवरून उचलला जातो, सोडली की परत बसतो. हीच या रचनेतली नाजूक जागा. अर्धा नट आट्यांत पूर्ण बसला नाही, तर मोटर फिरत राहील आणि गाडा जागचा हलणार नाही, किंवा दाब आल्यावर घसरेल. म्हणून चांगल्या पंपात नट बसला की नाही हे पाहणारा सेन्सर असतो, मोटरची फेरी मोजणारा एन्कोडर असतो आणि गाडा प्रत्यक्षात कुठे आहे हे सांगणारा तिसरा सेन्सरही असतो. मोटरने टाकलेली पावलं आणि गाड्याने कापलेलं अंतर यांचा मेळ बसला नाही की पंप थांबतो आणि अलार्म देतो. यातलं एखादं इलेक्ट्रॉनिक अंग बिघडलं तरी जादा औषध जाऊ नये, म्हणून मोटर चालवणारा प्रोसेसर एक आणि त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा, अशी दुहेरी व्यवस्था करतात.

पंपाला मिलिमीटर कळतात, एमएल कळत नाहीत

बारीक नळीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या १ मिमी सरकला की थोडं औषध जातं, जाड नळीच्यात जास्त. पंप फक्त १ मिमी सरकतो. किती एमएल गेलं, हा त्याचा हिशोब तुम्ही सांगितलेल्या सिरिंजच्या आतल्या व्यासावर उभा असतो.

५० एमएलच्या एका प्रचलित सिरिंजचा आतला व्यास सुमारे २६.७ मिमी आहे. दुसऱ्या एका कंपनीच्या तशाच मोठ्या सिरिंजचा सुमारे २९.७ मिमी. हाताला फरक जेमतेम जाणवतो. पण क्षेत्रफळ काढलं तर पहिल्याचं सुमारे ५६० चौरस मिमी, दुसऱ्याचं सुमारे ६९३. म्हणजे पंपावर पहिली कंपनी निवडली आणि बसवली दुसरी, तर प्रत्येक मिलिमीटरला जवळजवळ २४ टक्के औषध जास्त जाणार, आणि पंप एकही तक्रार करणार नाही. व्यासात १ टक्का चूक म्हणजे औषधात सुमारे २ टक्के, एवढं प्रमाण डोक्यात ठेवा.

पंप सिरिंज ओळखतो ना, असं कुणी म्हणेल. नळीवर टेकणारा क्लॅम्प किती उघडला यावरून पंप बाहेरचा व्यास मोजतो आणि ती २० ची आहे की ५० ची हे सांगतो. आतल्या व्यासाबद्दल त्याला थेट काही कळत नाही. बाहेरून सारख्याच जाडीच्या दोन कंपन्यांच्या सिरिंजांत फरक करणं त्याला जमत नाही. म्हणून पडद्यावर कंपनीचं नाव येतं आणि 'बरोबर आहे का' असं विचारलं जातं. ते नाव सिरिंजच्या नळीवर छापलेल्या नावाशी ताडून पाहायचं आणि मगच बटण दाबायचं. माझ्या मते सगळ्या कामातले हे सर्वांत मोलाचे दोन सेकंद आहेत.

या मिलिमीटरनेच एकेकाळी मोठा घात केला. मार्टिन राइट या ब्रिटिश संशोधकाने १९७० च्या दशकात बॅटरीवर चालणारा छोटा सिरिंज ड्रायव्हर बनवला. थॅलसेमियाच्या रुग्णांना औषध सावकाश देण्यासाठी तो पुढे आला आणि नंतर असाध्य आजारातल्या वेदनाशमनासाठी घराघरांत पोहोचला. त्या घराण्यातल्या ग्रेसबी एमएस१६ए या मॉडेलवर वेग ताशी मिलिमीटरमध्ये लावायचा आणि दिसायला जवळपास तशाच एमएस२६ वर २४ तासांच्या मिलिमीटरमध्ये. दोघांत गल्लत झाली की औषध २४ पट जास्त किंवा २४ पट कमी. अशा चुकांत माणसं गेली. अखेर डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेने मिलिमीटरवर चालणारे ड्रायव्हर पाच वर्षांत हटवून एमएलमध्ये वेग लावता येणारे, सिरिंज निघाली तर अलार्म देणारे पंप आणायला सांगितलं. आजच्या पंपांवर एमएल दिसतात खरे, पण त्यांच्यामागचा हिशोब अजूनही मिलिमीटरचाच आहे.

धरायच्या जागा, आणि त्या सुटल्या तर काय होतं

सिरिंज पंपात तीन ठिकाणी धरली जाते. नळीच्या मागच्या टोकाला दोन कान असतात. ते पंपाच्या खाचेत बसतात, त्यामुळे नळी पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. नळीवर वरून स्प्रिंगचा क्लॅम्प बसतो, त्यामुळे ती खाचेतून उचलली जात नाही. आणि दट्ट्याच्या चकतीला ढकलणाऱ्या डोक्यावरची नखं दोन्ही बाजूंनी कवेत घेतात.

नखं कशाला, मागून ढकलायचंच तर आहे, हा प्रश्न नवीन माणसाला हमखास पडतो. उत्तर गणितात आहे. पंप रुग्णाच्या १ मीटर वर लावला असेल, तर लाइनमधला द्रवाचा स्तंभ सिरिंजमधलं औषध खाली खेचतो. हा ओढा सुमारे ७४ मिमी पारा इतका असतो. ५० एमएलच्या दट्ट्यावर त्याचं बळ सुमारे ५.५ न्यूटन होतं, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक वजन लटकवल्यासारखं. दट्ट्याच्या रबराचं घर्षणही काही न्यूटनचंच असतं. घर्षण जिंकलं तर दट्ट्या जागेवर राहतो, हरलं तर सिरिंज आपोआप रिकामी होऊ लागते. सिरिंजवरचं सिलिकॉनचं वंगण, तापमान, लाइनची उंची यावर कोण जिंकेल हे ठरतं. अनेकदा काहीच होत नाही, आणि म्हणूनच नखं नीट न बसवण्याची सवय लागते. धोका नेमका या सवयीत आहे.

कान खाचेबाहेर राहिले तरी असंच होतं. तिथे दट्ट्या धरलेला असतो, पण नळी मोकळी असते.

आणखी एक वाट आहे, ती पंपाला दिसतच नाही. नळीला बारीक तडा असेल किंवा दट्ट्याच्या रबराशी फट असेल, तर तिथून हवा आत शिरते. दट्ट्या जागचा न हलता औषध खाली वाहतं. नखं घट्ट, क्लॅम्प घट्ट, सगळे सेन्सर समाधानी. यावर उपाय दोन: पंप रुग्णाच्या हृदयाच्या पातळीजवळ ठेवणं, आणि नेमलेल्या ठिकाणी अँटी-सायफन व्हॉल्व्ह असलेली लाइन वापरणं. हा व्हॉल्व्ह ठरावीक दाबाने ढकलल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे नुसत्या ओढ्याने औषध वाहत नाही.

सिरिंज भरण्यापासून सुरू करण्यापर्यंत

*सिरिंज निवडणं.* पंपाच्या यादीत असलेल्या कंपनीची, लूअर लॉकची (पिळून घट्ट बसणाऱ्या टोकाची) सिरिंज घ्या. नुसती खोचायची सिरिंज पंपाच्या दाबाने निसटू शकते. वेग फार कमी असेल तर काम भागेल इतकी लहान सिरिंज घेणं बरं. ताशी ०.५ एमएल द्यायचं असेल तर ५० एमएलच्या सिरिंजचा दट्ट्या तासाला जेमतेम ०.९ मिमी सरकतो, १० एमएलच्या सिरिंजचा सुमारे ३ मिमी. दट्ट्या जितका जास्त सरकेल, तितका फटी आणि रबराच्या लवचिकपणाचा परिणाम कमी. अर्थात लहान सिरिंज लवकर संपते, आणि रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाच्या बाबतीत प्रत्येक बदल ही जोखीमच असते. दोन्ही बाजू तोलूनच ठरवायला हवं.

*भरणं.* दट्ट्या आधी एकदा मागेपुढे करून मोकळा करा. सिरिंज बराच काळ पडून असेल तर रबर नळीला चिकटलेलं असतं. ते पंपावर सुटलं तर एकदम सुटतं. हवेचे बुडबुडे काढून टाका. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून बुडबुडा राहिला की पंपाने दिलेला धक्का त्यातच मुरतो. नळीला तडा नाही ना, हे उजेडाकडे धरून पाहा.

*पंप पाहणं.* नखांत किंवा खाचेत वाळलेलं औषध चिकटलं आहे का? ग्लुकोज असलेली द्रावणं वाळली की कडक थर बसतो आणि नखं पूर्ण मिटत नाहीत. क्लॅम्पची स्प्रिंग ताठ आहे का, गाडा हाताने सरकवताना कुठे अडकतो का, कळ सोडल्यावर नट बसल्याचं हाताला जाणवतं का. यातलं काही खटकलं तर तो पंप बाजूला ठेवा, दुसरा घ्या.

*बसवणं.* लाइन अजून रुग्णाला जोडलेली नसावी. जोडलेली असलीच तर रुग्णाच्या बाजूचा क्लॅम्प किंवा थ्री-वे (लाइनमधली तीन तोंडांची तोटी) आधी बंद करा. हा नियम सिरिंज घालताना आहे आणि काढतानाही. मग नळी जागेवर ठेवा, कान खाचेत सरळ बसवा आणि क्लॅम्प सोडा. नळीला बोटाने हलकेच पुढेमागे करून पाहा, ती हलता कामा नये. त्यानंतर कळ दाबून गाडा दट्ट्यापर्यंत आणा. चकती डोक्यावर सपाट टेकली पाहिजे. ती तिरकी बसली तर एक नख आत आणि एक बाहेर राहतं, आणि डोक्यावरचं छोटं बटण चकतीच्या कडेने दाबलं जाऊन पंपाला मात्र सगळं ठीक वाटतं. म्हणून इथे सेन्सरवर विसंबू नका. वाकून, बाजूने, डोळ्याने पाहा: दोन्ही नखं चकतीच्या पुढच्या अंगाला आली आहेत का.

*खात्री.* कंपनी आणि आकार ताडून पाहा. मग औषध, मात्रेचं प्रमाण, वेग आणि एकक. ताशी एमएल आणि मिनिटाला मायक्रोग्रॅम यांची गल्लत होऊ देऊ नका.

*फट काढणं.* ही पायरी सर्वांत जास्त गाळली जाते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. सिरिंज कितीही नीट बसवली तरी कुठे ना कुठे फट उरते: चकती आणि डोकं यांच्यात, कान आणि खाच यांच्यात, नट आणि आटे यांच्यात, गिअरच्या दातांत. सगळ्या मिळून १ मिमी फट आहे असं धरा. ताशी १ एमएल वेगाला ५० एमएलची सिरिंज तासाला १.७९ मिमी सरकते. म्हणजे ती १ मिमी फट भरून निघायला सुमारे ३४ मिनिटं लागतील. एवढा वेळ मोटर फिरते, हिरवा दिवा लागलेला असतो, 'दिलेलं औषध' हा आकडा वाढत असतो, आणि रुग्णाला एक थेंबही मिळत नाही. नॉरॲड्रिनलिनचा अंमल दोन-तीन मिनिटांत ओसरू लागतो, तिथे ३४ मिनिटं म्हणजे काय हे सांगायला नको.

म्हणून लाइन हाताने भरली असली तरी सिरिंज पंपावर बसवल्यानंतर, रुग्णाला जोडण्याआधी, पंपाचंच पर्ज (वेगाने ढकलून लाइन भरण्याचं) बटण दाबून लाइनच्या टोकाला थेंब येईपर्यंत थांबा. थेंब आला याचा अर्थ मोटरपासून टोकापर्यंत सगळ्या फटी मिटल्या. लाइन रुग्णाला जोडलेली असताना पर्ज कधीही करायचं नाही.

*उंची.* पंप शक्यतो हृदयाच्या पातळीला लावा, आणि चालू असताना वरखाली करू नका. वर नेला की फटी आणि लवचिक रबर यांच्यामुळे थोडं जादा औषध एकदम उतरतं. खाली आणला की काही मिनिटं औषध थांबतं, कधी रक्त उलटं लाइनमध्ये येतं. कमी वेगाला आणि तीव्र औषधाला हे रक्तदाबाच्या आलेखावर सरळ दिसतं. खाट उंच-खाली करताना आणि रुग्णाला दुसरीकडे नेताना याचं भान हवं.

*सुरू केल्यावर.* लाइनवरचा रुग्णाच्या बाजूचा क्लॅम्प उघडला का ते पाहा, सुरू करा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत या. दट्ट्या नळीवरच्या कोणत्या रेषेला आहे ते सुरुवातीला नोंदवा आणि नंतर तासातासाला बघा. पडद्यावरचा आकडा मोटरचा असतो, नळीवरची रेषा औषधाची असते. दोन्ही जुळत नसतील तर रेषेवर विश्वास ठेवा.

अडथळ्याचा अलार्म: दाबलेलं औषध कुठे जातं

ढकलणाऱ्या डोक्यामागे बळ मोजणारा सेन्सर असतो. लाइन अडली की दट्ट्यावरचं बळ वाढतं आणि ठरावीक मर्यादेला अलार्म होतो. पण हा सेन्सर दाब मोजत नाही, बळ मोजतो. त्यात दाबही आला आणि रबराचं घर्षणही. ५० एमएलच्या सिरिंजमध्ये ३०० मिमी पाऱ्याचा दाब म्हणजे सुमारे २२ न्यूटन, १० एमएलच्यात (व्यास सुमारे १४.५ मिमी) अवघे ६.६. म्हणजे सिरिंज चुकीची निवडली तर मात्राच नव्हे, अलार्मची मर्यादाही चुकते. मोठ्या सिरिंजवर मर्यादा ५० मिमी पाऱ्याइतकी खाली आणली तर दाबाचं बळ ३.७ न्यूटन, जवळजवळ घर्षणाएवढंच. मग दट्ट्या जरा चिकटला तरी खोटा अलार्म होतो. काही पंपांत लाइनमध्येच दाब मोजणारी चकती असते. तिथे ही अडचण येत नाही.

मर्यादा जितकी वर, तितका अलार्म उशिरा. ताशी १ एमएल वेगाला मोठ्या सिरिंजवर अलार्म व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही जास्त लागू शकतो. तोवर औषध रबरात आणि लाइनच्या ताणात साठत जातं. आयईसी ६०६०१-२-२४ हे इन्फ्युजन पंपांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार किती वेळाने अलार्म होतो आणि अडथळा सुटल्यावर किती औषध एकदम बाहेर पडतं, हे आकडे निर्मात्याला मॅन्युअलमध्ये द्यावे लागतात. तो तक्ता शोधून पंपाजवळ लावून ठेवण्यासारखा आहे. सुरुवातीला प्रवाह स्थिरावायला किती वेळ लागतो, याचा आलेखही तिथेच मिळेल.

अलार्म झाला आणि पाहिलं तर थ्री-वे बंद राहिला होता. हात आपोआप तो उघडायला जातो. थांबा. तो तसाच उघडला तर साठलेलं सगळं औषध एका झटक्यात रुग्णाला मिळेल. आधी पंप थांबवा. रुग्णाची बाजू बंदच ठेवा, साठलेला दाब थ्री-वेच्या मोकळ्या तोंडातून बाहेर सोडा, मग अडथळा काढा आणि पुन्हा सुरू करा. काही पंप अलार्मनंतर मोटर थोडी उलटी फिरवून दाब स्वतःच उतरवतात. इथेच नखांचं दुसरं काम दिसतं: नखांनी चकती धरलेली असते म्हणूनच डोकं मागे येताना दट्ट्याही मागे येतो.

त्याच शिरेत वरून सलाइनही चालू असेल, तर सुई अडल्यावर पंपातलं औषध सलाइनच्या नळीत उलटं चढतं आणि पुढे एकदम उतरतं. पंपाला अडथळा जाणवतच नाही. सलाइनच्या लाइनवर एकदिशा व्हॉल्व्ह असणं हाच याचा उपाय.

सिरिंज बदलताना

क्रम पाठ असू द्या: पंप थांबवा, रुग्णाची बाजू बंद करा, मग नखं सोडा, मग नळीचा क्लॅम्प. आधी सिरिंज काढून मग लाइन बंद करणं ही उलटी रीत अपघाताचं मूळ आहे. हातात आलेल्या सिरिंजच्या दट्ट्यावर अंगठा दाबला गेला तरी काही एमएल आत जातात, आणि सिरिंज उंच धरली तर दट्ट्या स्वतःच घसरू शकतो.

ज्या औषधाला क्षणाचाही खंड चालत नाही, तिथे पुढची सिरिंज दुसऱ्या पंपावर आधीच बसवून, फट काढून, चालू करून तयार ठेवतात आणि मगच पहिली थांबवतात. ही अदलाबदल कशी करायची हे विभागाच्या लिखित पद्धतीनुसारच ठरवा, आणि त्या वेळी रक्तदाबावर नजर ठेवायला एक माणूस मोकळा असू द्या.

देखभाल करणाऱ्यांसाठी

नुसता प्रवाह तपासून पंप पास करू नका. प्रवाह बरोबर आणि पकड ढिली असा पंप प्रवाहाच्या चाचणीत सहज सुटतो.

पकडीची तपासणी हाताने करावी लागते. सिरिंज बसवून दट्ट्या मागे आणि पुढे दोन्हीकडे ओढून पाहा. चकती आणि डोकं यांच्यात खेळ दिसला तर नखं किंवा त्यांची स्प्रिंग झिजली आहे. चालू पंपात नखं उघडा, क्लॅम्प उचला, कळ दाबा: प्रत्येक वेळी मोटर थांबून अलार्म व्हायलाच हवा. अर्धा नट झिजलाय का हे रिकाम्या गाड्यावर कळत नाही, दाबाखालीच कळतं. म्हणून लाइनला दाबमापक जोडून, पुढचं तोंड बंद करून अलार्मपर्यंत चालवा. दाब वाढता वाढता मध्येच घसरला आणि पुन्हा चढू लागला, तर आट्यांवरून नट उडी मारतोय.

प्रवाह मोजायला वजनकाटा पुरतो, १ ग्रॅम पाणी म्हणजे १ एमएल. वेग कमी असेल तर बाष्पीभवनाने आकडा चुकतो, भांडं झाका. फट आधी काढून टाका, नाहीतर चांगला पंपही नापास होईल. मापात चूक आली तर पंपाला दोष देण्याआधी दुसऱ्या सिरिंजवर चाचणी करा.

पडलेला पंप, चालत असला तरी, तपासल्याशिवाय परत वॉर्डात जाऊ नये. दांडी अर्धा मिमी वाकली तरी चकती डोक्यावर तिरकी टेकते. आट्यांवर मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच वंगण लावा. स्वच्छ करताना द्रव थेट पंपावर न फवारता ओल्या कापडाने पुसा, कारण खाचेतून आत गेलेला द्रव सेन्सरपर्यंत पोहोचतो.

काही घडलंच तर

जादा किंवा कमी औषध गेल्याचा संशय आला की आधी लाइन रुग्णाच्या बाजूने बंद करा आणि रुग्णाकडे बघा. मग पंपाला हात लावण्याआधी फोटो घ्या: नखं, कान, क्लॅम्प, पडदा, नळीवरची रेषा, पंपाची उंची. सिरिंज आणि लाइन फेकू नका, पंपाबरोबरच ठेवा, कारण तडा असेल तर तो सिरिंजवरच सापडेल. पंपाच्या आत घटनांची नोंद असते. कुठलं बटण कधी दाबलं, कुठला अलार्म कधी झाला, हे सगळं त्यात असतं. ती उतरवून घेईपर्यंत तो पंप कुणी वापरू नये, म्हणून त्यावर चिठ्ठी लावून कुलपात ठेवा.

आणि घटना कळवा, इजा झाली नसली तरी. अमेरिकेच्या एफडीएकडे २००५ ते २००९ या काळात सर्व प्रकारच्या इन्फ्युजन पंपांबद्दल सुमारे ५६,००० नोंदी आल्या, त्याच काळात ८७ वेळा पंप परत मागवले गेले, आणि २०१० मध्ये एफडीएने पंपांच्या रचनेपासून सुधारणा मागणारी मोहीम हाती घेतली. तुमच्या अहवालात पंपाचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, सिरिंजची कंपनी, आकार आणि लॉट क्रमांक, लावलेला वेग आणि दट्ट्याची शेवटची रेषा एवढं लिहिलेलं असलं, तर निर्मात्याला त्यावर काम करता येतं.